पहिली दुभती म्हैस घेताना : बेळगाव सीमाभागातील नव्या पशुपालकांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात शेती थोडी आणि घरात दोन माणसे मोकळी असली, की एखादी म्हैस बांधण्याचा विचार हमखास निघतो. हा विचार चांगला आहे. मात्र चांगल्या म्हशीची किंमत आज लाखाच्या घरात जाते, आणि पहिल्यांदा म्हैस घेणारा माणूस बहुधा बादलीतले दूध आणि दलालाचा शब्द या दोनच गोष्टींवर एवढी रक्कम मोजून मोकळा होतो. सीमाभागात त्यात आणखी एक गुंता असतो. म्हैस बऱ्याचदा कोल्हापूर, सांगली किंवा सोलापूरकडून येते, दूध कर्नाटकातील संघाला जाते, बोलणे मराठीत होते आणि कागद कानडीत असतात. आमच्या घरी या सगळ्या वाटा तुडवून झाल्या आहेत. त्यातून पक्की झालेली पद्धत येथे क्रमाने देत आहे. तिचे सार एकच आहे : म्हैस तिच्या मूळ गोठ्यात जाऊन, सलग तीन धारा डोळ्यांसमोर काढून आणि कानातला बिल्ला कागदाशी ताडूनच घ्यावी.

१. आधी चारा, पाणी आणि गोठा

म्हैस दारात आल्यावर चाऱ्याची सोय पाहू, असे म्हणणाऱ्यांचे दूध पहिल्याच महिन्यात उतरते. एका मोठ्या दुभत्या म्हशीला दिवसाला साधारण २० ते २५ किलो हिरवा चारा, ५ ते ७ किलो कडबा किंवा पिंजर (भाताचे काड) आणि शरीराच्या पोषणासाठी दीड ते दोन किलो खुराक लागतो. शिवाय दर दोन लिटर दुधामागे सुमारे एक किलो खुराक वाढवावा लागतो. पाणी तिच्यासमोर दिवसभर हवे. दुभती म्हैस उन्हाळ्यात ७०-८० लिटर पाणी सहज पिते, हे विहीर किंवा बोअर मार्चनंतर आटणाऱ्या गावांनी विशेष लक्षात घ्यावे.

चिकोडी, निपाणी, हुक्केरी, रायबाग हा उसाचा मुलूख आहे. गळीत हंगामात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जवळजवळ फुकट मिळत असल्याने कित्येक गोठ्यांत महिनोन्महिने दुसरा हिरवा चाराच पडत नाही. वाढ्यात ऑक्झलेट असते आणि ते चाऱ्यातील कॅल्शियम बांधून ठेवते. त्यामुळे व्यायलेली म्हैस हळूहळू अशक्त होते, दूध कमी होते आणि माज (गाभण राहण्याची वेळ) लांबतो. मालक मात्र खुराकाला दोष देत राहतो. वाढे द्यायला हरकत नाही, पण ते निम्म्याहून अधिक नसावे, त्याच्या जोडीला हत्ती गवत, मका किंवा लसूणघास असावा आणि खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम द्यावे. जाणते शेतकरी वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतात. तीही उपयोगी पडते. ज्वारीच्या भागात वेगळी काळजी घ्यावी लागते. कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर खोडव्याला आलेले फुटवे विषारी असतात आणि ते खाऊन जनावर तासाभरात दगावू शकते. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय दावणीत टाकू नये.

गोठ्यासाठी म्हशीमागे चार चौरस मीटर छताखालची जागा पुरते. जमीन खडबडीत असावी, उतार मागच्या बाजूला असावा आणि दुपारच्या उन्हात सावली असावी. म्हशीची कातडी काळी असते आणि तिला घाम फार कमी येतो, म्हणून उन्हाळ्यात दिवसातून दोनदा अंगावर पाणी मारण्याची सोय गोठा बांधतानाच करावी. खानापूरच्या पावसाळी भागात ओल ही मोठी अडचण असते. तेथे गोठ्याची पायरी जमिनीपासून हातभर उंच घ्यावी.

२. जात ठरवा

आपल्या भागात मुख्यतः तीन जातींची चर्चा होते. पंढरपुरी म्हैस खांद्याच्याही मागे जाणाऱ्या लांबलचक शिंगांवरून लगेच ओळखू येते. ती अंगाने मध्यम असते, कमी चाऱ्यात भागवते आणि वेळेवर गाभण राहते. कोल्हापुरात गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकण्याची जी जुनी रीत आहे ती याच म्हशीच्या जिवावर चालली. धारवाडी म्हैस ही उत्तर कर्नाटकातील नोंदणीकृत जात आहे. तिची शिंगे अर्धचंद्राकृती असतात, दूध बेताचे पण दाट असते आणि धारवाडी पेढ्याचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. मुऱ्हा मूळची हरियाणाची, शिंगे घट्ट वळलेली आणि दूध सर्वांत जास्त; परंतु तिला खुराकही जास्त लागतो आणि ऊन सोसत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे, की पहिली म्हैस पंढरपुरी किंवा चांगली गावठी घ्यावी. मुऱ्हाचे १२ लिटर ऐकायला गोड वाटतात, पण नवख्या हातात ती दुसऱ्या वेताला, म्हणजे दुसऱ्यांदा विण्याच्या वेळी, गाभण न राहता भाकड बसून राहण्याची भीती अधिक असते.

३. बाजार पाहा, पण खरेदी गोठ्यात करा

आठवडी जनावरांचा बाजार एकदोनदा जरूर फिरावा. सांगोल्यासारख्या मोठ्या बाजारात जाती, दर आणि माणसे पाहूनच बरेच शिकायला मिळते. तेथे दोन माणसे खांद्यावरचा टॉवेल हातांवर ओढून त्याखाली बोटे दाबत असतात. एक बोट, दोन बोटे, मग पूर्ण मूठ, आणि दोघांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. तो भाव चालू असतो. ती भाषा आपल्याला येत नसेल तर त्या टॉवेलखाली हात घालू नये.

बाजारातील म्हैस प्रवासाने दमलेली असते, तिचे मूळ घर ठाऊक नसते आणि सोबतचे रेडकू तिचेच आहे याची खात्री नसते. त्यापेक्षा दूध संस्थेचे सचिव, कृत्रिम रेतन करणारे कर्मचारी आणि गावचे पशुवैद्य यांना विचारावे. कोणाकडे कोणत्या वेताची म्हैस आहे, ती का विकायची आहे आणि मागच्या वेताला किती दूध दिले हे त्यांना ठाऊक असते. ओळखीचा दलाल घ्यायला हरकत नाही, पण त्याची दलाली आधी ठरवावी आणि विसार (आगाऊ रक्कम) देण्याआधी सर्व तपासण्या पूर्ण कराव्यात.

४. वय आणि वेत

दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची, व्यायला दोन ते चार आठवडे झालेली म्हैस नवख्यासाठी उत्तम. पहिलारू म्हैस धारेला सरावलेली नसते, आणि गाभण म्हशीच्या दुधाबद्दल विक्रेता जे सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

वय दातांवरून पाहावे. म्हशीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात. साधारण अडीच ते तीन वर्षांत ती दोनदाती होते, पुढे चारदाती, सहादाती होत पाच ते सहा वर्षांपर्यंत जुळते, म्हणजे तिचे सर्व पक्के दात येतात. दात झिजून आखूड झाले असतील, त्यांच्यात फटी पडल्या असतील, तर ‘तिसरेच वेत आहे’ हे सांगणे खरे नाही असे समजावे. शिंगे घासून तेल लावून चकचकीत केलेली असली तरी दात लपत नाहीत. दात पाहता येत नसतील तर जाणकार सोबत न्यावा.

५. सलग तीन धारा

या टप्प्यावर घाई करू नये. विक्रेत्याला आधी सांगून संध्याकाळी त्याच्या गोठ्यावर पोहोचावे, ती धार डोळ्यांसमोर पूर्ण काढून घ्यावी, रात्री गावातच थांबावे आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ व संध्याकाळ या दोन धारा मोजाव्यात. पहिली धार हिशेबात धरायची नाही. गिऱ्हाईक येणार म्हणून आदली धार न काढता दूध तुंबवून ठेवण्याची युक्ती जुनी आहे. पहिल्या संध्याकाळी भरलेली बादली त्यामुळे काहीच सिद्ध करत नाही. दोन धारांमध्ये बारा तासांचे अंतर असावे आणि दूध मापाने किंवा काट्यावर मोजावे, फेसावरून अंदाज करू नये.

घरात जी व्यक्ती रोज धार काढणार आहे तिला सोबत न्यावे आणि तिसरी धार तिलाच काढू द्यावी. आपल्याकडे हे काम बहुतेक ठिकाणी आई, वहिनी किंवा बायको करते. पण म्हैस पसंत करायला मात्र पुरुषच जातात, हे मला कधीच पटलेले नाही. म्हैस अनोळखी हाताला लाथ मारते का, पान्हा चोरते (दूध वर ओढून ठेवते) का, सड कडक आहेत का, हे हातालाच कळते.

धारेच्या वेळी पुढील गोष्टी बारकाईने पाहाव्यात. चारही सडांच्या पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या कापडावर किंवा तळहातावर घ्याव्यात. त्यात गाठी, पाणचटपणा किंवा रक्ताची लाली दिसली तर कासदाह आहे, म्हणजे ज्याला आपण दगडी म्हणतो ती लागलेली आहे. चारही सडांतून धार सारखी यायला हवी. एक सड बारीक किंवा बंद असेल तर ती म्हैस तीनसडी आहे आणि तिची किंमत त्याच प्रमाणात उतरते. धार काढून झाल्यावर चांगली कास पिळलेल्या कापडासारखी सैल पडते; ती तशीच फुगलेली आणि घट्ट राहिली तर आत मांस वाढले आहे. म्हैस रेडकू लावल्यावर किंवा खुराक पुढे ठेवल्यावर किती वेळात पान्हवते हेही पाहावे. धारेआधी कोणी इंजेक्शन हातात घेतलेले दिसले किंवा मानेवर सुयांच्या खुणा आणि गाठी आढळल्या, तर तेथूनच परत फिरावे. दूध उतरवण्यासाठी ऑक्सिटोसिन टोचणे बेकायदेशीर आहे, आणि त्याची सवय लागलेली म्हैस आपल्या घरी सुईशिवाय दूध सोडणार नाही.

६. अंगाची तपासणी आणि रक्ताची चाचणी

नाकपुडी ओलसर, डोळे स्वच्छ, शेण मऊ पण बांधलेले आणि बसल्यावर रवंथ चालू, एवढे दिसले की निम्मी काळजी मिटते. म्हशीला उठवून, चालवून आणि पुन्हा बसू देऊन पाहावे. काही म्हशींचे अंग (योनीचा आतला भाग) बसल्यावर बाहेर येते, आणि उभ्या म्हशीत ते अजिबात दिसत नाही. कासेच्या वर, कानात आणि शेपटीखाली गोचीड आहेत का ते पाहावे.

त्यानंतर पशुवैद्यांकडून गर्भाशयाची तपासणी आणि ब्रुसेलोसिससाठी रक्ताची चाचणी करून घ्यावी. या रोगाची म्हैस वरून धडधाकट दिसते, पण गाभण राहिल्यावर उशिरा गर्भ टाकते. आणि कच्च्या दुधातून किंवा उघड्या हाताने वार (व्यायल्यानंतर पडणारा जार) काढताना तो माणसालाही लागतो. अधूनमधून चढणारा ताप आणि सांधेदुखी यांनी माणूस महिनोन्महिने बेजार होतो. चाचणीचा खर्च म्हशीच्या किमतीपुढे अगदी किरकोळ आहे. चाचणीचा निकाल येईपर्यंत थांबायला विक्रेता तयार नसेल तर ती म्हैस सोडून द्यावी.

७. बिल्ला आणि कागदपत्रे

प्रत्येक जनावराच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो आणि त्या क्रमांकावर मालकाचे नाव, लसीकरण व रेतनाची नोंद ‘भारत पशुधन’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीत असते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री व वाहतूक करता येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी बिल्ल्यावरचा क्रमांक स्वतः वाचून मोबाईलवर त्याचा फोटो काढावा आणि नोंदीतील मालकाचे नाव तेच आहे का हे पशुवैद्यकीय दवाखान्यातून पाहून घ्यावे. कान ताजा फाटलेला असेल किंवा बिल्ला नुकताच बसवलेला दिसत असेल तर कारण विचारावे. कर्जावर घेतलेले किंवा विमा उतरवलेले जनावर दुसऱ्याच नावाने विकण्याचे प्रकार होतात.

जवळ ठेवण्याची कागदपत्रे अशी :

• खरेदी पावती : दोघांची नावे व पत्ते, बिल्ल्याचा क्रमांक, जात, वेत, शिंगांचे वर्णन, रेडकाचा उल्लेख, रक्कम, दोन साक्षीदारांच्या सह्या
• पशुवैद्यांनी दिलेला आरोग्याचा व वाहतुकीस योग्य असल्याचा दाखला
• लसीकरणाची नोंद व रक्तचाचणीचा अहवाल
• आपले आधार कार्ड आणि जमिनीचा उतारा
• बँक पासबुक, आणि कर्नाटकातील योजनांसाठी फ्रूट्स (तेथील सरकारची शेतकरी नोंदणी) मधील एफआयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक
• दूध संस्थेचे सभासदत्व असल्यास तसे पत्र

रक्कम शक्यतो बँकेतून द्यावी. कानडी अर्जावर सही करण्याआधी तो वाचून दाखवणारा विश्वासाचा माणूस शेजारी बसवावा. विशेषतः नावाचे स्पेलिंग आधार, उतारा आणि पासबुक या तिन्हींवर एकच आहे का ते पाहावे. एका कागदावर ‘पाटील’ आणि दुसऱ्यावर आडनावाऐवजी गावाचे नाव, एवढ्या फरकाने अनुदानाचे पैसे अडकतात.

८. सीमा ओलांडून आणताना

कर्नाटकात २०२० चा गोहत्या प्रतिबंध व गोवंश संरक्षण कायदा लागू आहे आणि त्यात १३ वर्षांखालील म्हशींचाही समावेश होतो. शेती व पशुपालनासाठी जनावर नेण्यास हा कायदा मनाई करत नाही, पण हेतू कागदावर दिसला पाहिजे. कोगनोळी नाक्यावर किंवा आडवाटेला कोणी गाडी थांबवली, तर खरेदी पावती, त्याच दिवशीचा आरोग्य दाखला, बिल्ल्याचा क्रमांक आणि आपला उतारा एका पिशवीत तयार असावा. सोबत दूध देणारी म्हैस आणि तिचे रेडकू आहे हे उघड दिसत असले तरी कागदांशिवाय निघू नये. निघण्याआधी आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून त्या वेळी लागू असलेला परवाना विचारून घ्यावा, कारण लाळ्या खुरकूत किंवा लम्पीची साथ असताना जनावरांची वाहतूक व बाजार बंद केले जातात.

गाडीत तळाला पिंजराचा जाड थर असावा, चढ-उतारासाठी फळी असावी आणि रेडकू वेगळे बांधावे. निघण्याआधी पोटभर खुराक देऊ नये, पाणी मात्र द्यावे. उन्हाळ्यात प्रवास रात्री किंवा पहाटे करावा. विक्रेत्याकडून त्याच्याच खुराकाचे एखादे पोते सोबत घ्यावे. त्याचा उपयोग पुढच्या टप्प्यात होतो.

९. पहिले तीन आठवडे

नवी म्हैस घरच्या जनावरांपासून तीन आठवडे वेगळी बांधावी. तिची बादली, दावे आणि पाण्याचे भांडे वेगळे असावे आणि धार सर्वांत शेवटी काढावी. पहिल्या आठवड्यात दूध घटते. जागा, पाणी आणि हात बदलल्याचा हा परिणाम असतो. त्याला घाबरून खुराक एकदम वाढवला तर पोट बिघडते. सोबत आणलेल्या जुन्या खुराकात आपला खुराक रोज थोडा वाढवत आठ-दहा दिवसांत बदल पूर्ण करावा. धार काढणारी व्यक्ती, वेळ आणि जागा या काळात अजिबात बदलू नये.

रेडकाकडे दुर्लक्ष करणे हा सर्वांत महागात पडणारा दोष आहे. दूध विकण्याच्या हव्यासात रेडकू उपाशी ठेवले की ते जंतांनी किंवा हगवणीने दगावते, आणि रेडकू गेल्यावर कित्येक म्हशी पान्हवतच नाहीत. पहिल्या महिन्यात त्याला त्याच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढे दूध रोज मिळाले पाहिजे. व्यायल्यानंतर दहाव्या दिवसाच्या सुमारास जंताचे पहिले औषध दिले आहे का हे विक्रेत्याला विचारावे. दिले नसेल तर पशुवैद्यांच्या सल्ल्याने लगेच द्यावे.

म्हैस आजारी पडल्यास १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येते. हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.

१०. नोंद, लसी, विमा आणि दूध संस्था

घरी आल्यावर आठवडाभरात दवाखान्यात जाऊन बिल्ल्याच्या नोंदीत आपले नाव चढवून घ्यावे. हे राहिले तर विमा, अनुदान आणि पुढची विक्री हे सारे अडते.

लाळ्या खुरकूतीची लस दर सहा महिन्यांनी आणि घटसर्प व फऱ्याची पावसाळ्याआधी टोचावी. मादी रेडकाला चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलोसिसची लस आयुष्यात एकदाच द्यायची असते. हा काळ चुकला की पुन्हा देता येत नाही.

राष्ट्रीय पशुधन अभियानातील विम्यात शेतकऱ्याचा हप्त्यातील वाटा २०२४ पासून १५ टक्क्यांवर आणला आहे, त्यामुळे एकच म्हैस असली तरी विमा उतरवावा. बिल्ला गळून पडला तर तो लगेच नव्याने बसवून विमा कंपनीला कळवावे, कारण बिल्ल्याशिवाय दावा मान्य होत नाही. दुर्दैवाने म्हैस दगावलीच तर कंपनीला कळवून, शवविच्छेदन करून आणि बिल्ल्यासह फोटो काढूनच पुरावी.

गावच्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचे सभासद होऊन बेळगाव जिल्हा संघाला, म्हणजे नंदिनीला दूध घातल्यास कर्नाटक सरकारचे प्रतिलिटर ५ रुपये प्रोत्साहनधन आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. सीमेपलीकडच्या किंवा खासगी डेअरीचा दर कधी जास्त दिसतो. तुलना करताना हे ५ रुपये धरूनच हिशेब मांडावा. म्हशीच्या दुधाला दर फॅटवर (स्निग्धांशावर) मिळतो आणि हे फॅट साधारण ६ ते ८ टक्के असते. धारेच्या शेवटी येणाऱ्या दुधात फॅट सर्वाधिक असते, म्हणून कास पूर्ण मोकळी करावी. कुंदा किंवा खव्यासाठी दूध घेणारा हलवाई रोख आणि चांगला दर देतो, पण सणासुदीनंतर त्याची मागणी खाली येते. संस्थेचे सभासदत्व त्यासाठी कधीही सोडू नये.

११. पुढचा माज चुकवू नका

व्यायल्यानंतर साधारण दोन महिन्यांनी म्हैस पुन्हा भरवण्यास योग्य होते आणि माज दर २१ दिवसांनी येतो. म्हशीचा माज गाईसारखा उघड नसतो. उन्हाळ्यात तर तो मुकाच असतो. दूध अचानक घटणे, वारंवार थोडी थोडी लघवी करणे, शेपटी बाजूला धरणे आणि पारदर्शक चिकट स्राव या खुणा पहाटे व रात्री पाहाव्यात, कारण दिवसा त्या सहसा दिसत नाहीत. पहाटे माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करून घ्यावे, रेड्याची जात व तारीख वहीत लिहावी आणि पशुवैद्यांकडून तीन महिन्यांनी गर्भतपासणी करावी. म्हैस सुमारे ३१० दिवसांनी विते. त्या तारखेच्या दोन महिने आधी दूध बंद करून तिला आटवावे आणि आटवताना शेवटच्या धारेनंतर चारही सडांत पशुवैद्यांनी दिलेले औषध सोडून घ्यावे.